दाराआडचा डाव

तिरुपूवनूरच्या कथेतल्या राजकन्येला बुद्धिबळात हरवणारा माणूस मिळेना, तेव्हा शेवटी शंकराला म्हाताऱ्या सिद्धाचं सोंग घेऊन यावं लागलं. कावेरीच्या पट्ट्यातली ही स्थळकथा. गाव नीडामंगलमजवळचं, लहानसं. तिथला शंकर चतुरंग वल्लभनाथ या नावानं ओळखला जातो. वसुदेव राजा आणि कांतिमती राणीला मूल नव्हतं. नवससायास झाले, कमळात शंख सापडला, हातात घेताच त्याची मुलगी झाली. तिचं नाव राजराजेश्वरी. तिला सांभाळायला सप्तमातृकांपैकी चामुंडी दाई होऊन आली. मुलगी सगळ्या विद्या शिकली; बुद्धिबळात तर तिच्यासमोर कुणी टिकेना. राजानं पण लावला, जो हिला हरवील त्याला ही देईन. म्हणून शंकराची खेप.

माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा शंकराला एका वाक्यात उरकायची. तिचा सगळा जीव चामुंडीत. "पोरीला डाव शिकवला कुणी? दाईनं. राजवाड्यातले पंडित काय पोरीला घेऊन पटावर बसणार होते?" स्थळकथेत चामुंडी पालक आई आहे, शिकवण्याची जोड आजीची. आणि ती जोड तिनं का दिली असावी, हे समजायला पापनाशमच्या घरात जावं लागतं.

पापनाशम हे आजीचं माहेर. तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं, कुडमुरुट्टी नदीकाठचं गाव. नदी म्हणजे कावेरीचाच एक फाटा. गावाच्या नावामागेही कथा आहे : खर-दूषणांना मारल्याचं पाप फेडायला रामानं इथं एकशे आठ शिवलिंगं पुजली, म्हणून पापनाशम. ती एकशे आठ लिंगं आजही एका आवारात ओळीनं मांडलेली दिसतात. शेजारी तिरुप्पालैतुरैच्या देवळात नायकांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं विटांचं धान्यकोठार आहे. तीन हजार कळम भात मावेल एवढं. त्या कोठाराकडे बोट दाखवून आजी म्हणे, "ह्या गावाला भाताची कधी वाण नव्हती. वाण होती ती वेळ मिळण्याची. आणि तीही बायकांनाच."

आमचे पूर्वज तिकडे गेले ते व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ, असं घरात सांगत. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चतकोरात तंजावरला भोसल्यांचं राज्य आलं आणि देशावरची कारकून, पुराणिक, कीर्तनकार, हिशेबनीस अशी माणसं तिकडे वस्तीला गेली. राज्य इंग्रजांनी खालसा केलं ते १८५५ नंतर. माणसं तिथंच राहिली. शाळेत तमिळ शिकली, चिठ्ठ्या तमिळ लिपीत लिहू लागली, घरात मराठी बोलत राहिली. कुंभकोणमच्या अशाच घरातला मुलगा टी. माधवराव पुढं त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा, तिन्ही संस्थानांचा दिवाण झाला. आमच्या घरातून कुणी दिवाण झालं नाही. पणजोबा तालुका कचेरीत कारकून होते आणि बुद्धिबळाचे व्यसनी होते.

आजी आणि तिची थोरली बहीण, म्हणजे आमची थोरली आजी, दोघींच्या बोलण्यात इतिहास असा यायचा की जणू शेजारच्या गल्लीतलं भांडण. शिवाजीमहाराज १६७७ मध्ये दक्षिणेत उतरले, व्यंकोजीराजांशी वडिलार्जित वाटणीवरून बोलणी झाली, ती फिसकटली, व्यंकोजीराजे रातोरात नदी ओलांडून परत आले, मग लढाई. आपण शाळेत शिकतो ते इथपर्यंत. थोरली आजी खरी कथा इथून पुढे सुरू करायची. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई. तिनं नवऱ्याला समजावलं की थोरल्या दिरांशी वैर धरून तंजावर टिकणार नाही. तहाला तयार केलं ते तिनं. महाराजांनीही ते ओळखलं. तहात बंगळूरसारखा मुलूख दीपाबाईंच्या चोळीबांगडीसाठी लिहून दिला. "बघ," थोरली आजी म्हणायची, "लढाई लढले पुरुष. डाव कुणी सोडवला?" मग स्वतःच हसायची आणि पान लावायला घ्यायची. त्या भागातलं विड्याचं पान कुंभकोणमच्या नावानं विकलं जातं, पण मळे पापनाशम-अय्यमपेट्टैच्या अंगाला, कावेरीच्या काठानं पसरलेले. थोरल्या आजीला हे सांगितल्याशिवाय पान खाता येत नसे.

आता त्या घरातला पट. अग्रहारातलं घर, पुढं ओटा, त्याला तिकडं तिण्णै म्हणतात. आत चौक, वर मोकळं आभाळ. कचेरी सुटली की पणजोबा आणि त्यांचे तीनचार सोबती ओट्यावर बसत. पट लाकडी नव्हता, तांबड्या कापडाचा होता, शिवलेला. एका बाजूला सोंगट्यांचा सारीपाट, उलटवला की चौसष्ट घरं. घरं सगळी एकाच रंगाची. काळंपांढरं असं काही नव्हतं, नुसत्या दोऱ्याच्या रेघा आणि काही घरांत फुल्या. मोहरी लाखेची, तांबडी आणि हिरवी. हिरव्यांचा एक हत्ती फार पूर्वी हरवला होता, त्याच्या जागी सुपारी ठेवत. ती सुपारी मी पाहिली आहे. हातात घेऊन घेऊन इतकी गुळगुळीत झाली होती की काळ्या दगडाची वाटायची. खेळ देशी पद्धतीचा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार. राजाला शह बसेपर्यंत एकदाच घोड्यासारखी उडी. डाव तासन्‌तास चालत, आतून कॉफी जात राही.

कॉफी घेऊन जायची ती थोरली आजी. वय नऊदहा. लोटा ठेवून परत फिरायचं, एवढंच तिचं काम. पण परत फिरताना दाराच्या आड ती थांबायची. चौकात बायका पल्लांगुळी खेळत : चौदा खळग्यांचा लाकडी पाट, त्यात चिंचोके किंवा कवड्या वाटत जायच्या. पल्लांगुळी हा बायकांचा खेळ, चतुरंग पुरुषांचा, अशी वाटणी कुणी ठरवली नव्हती, पण होती. कुणी आडकाठीही करत नसे. बायकोनं किंवा मुलीनं येऊन पटावर बसावं हे कुणाच्या मनातच यायचं नाही, मग आडकाठी कशाला करतील? पापनाशम तालुक्यातच मेलट्टूर आहे, भागवत मेळ्याचं गाव. तिथं प्रल्हादाची आई लीलावतीसुद्धा पुरुषच रंगवतो, आणि असा रंगवतो की बायका पदरानं डोळे पुसतात. आईची भूमिकासुद्धा बाईच्या वाट्याला नाही, हे मात्र थोरल्या आजीनं कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. गंमत म्हणून सांगितलं.

एके संध्याकाळी पणजोबा अडकले होते. दाराआडून आवाज आला, "अप्पा, सुपारी." हत्तीच्या जागची सुपारी. पणजोबांनी ती हलवली आणि डाव जिंकला. सोबती गेल्यावर त्यांनी मुलीला हाक मारली, रागावतील म्हणून ती रडवेली झाली होती. रागावले नाहीत. दिवा ओढून घेतला, पट पुन्हा मांडला आणि म्हणाले, बस. त्यानंतर लग्न होईपर्यंत रात्रीची जेवणं झाली की बापलेक खेळत. लग्न कुंभकोणमला झालं. त्या घरीही पट होता, उत्तम शिसवी. तो दिवाणखान्यात असे आणि दिवाणखाना पुरुषांचा. थोरली आजी पुढची कित्येक वर्षं डोक्यातल्या डोक्यात खेळली, तांदूळ निवडताना. मग नातवंडं झाली. नातवंडांना खेळायला कुणीतरी लागतंच, आणि आजीबाई नातवाशी काय खेळते आहे हे विचारायला दिवाणखान्यातून कुणी येत नाही. माझ्या आईलाही डाव तिनंच शिकवला, आईनं मला. आम्हा दोघींत कुणी विजेतं निपजलं नाही, हेही सांगून टाकते. आई बरी खेळायची. मी घाई करते.

एवढं सगळं सांगितलं ते सुशीला विश्वनाथन यांच्याविषयी, बुद्धिबळाचा जगज्जेता विश्वनाथन आनंद याच्या आईविषयी, लिहायचं आहे म्हणून.

पापनाशमहून गाडी पुढं कुंभकोणम घेते आणि मग मायावरम; आताचं नाव मयिलाडुतुरै. अंतर पन्नासेक किलोमीटर. त्या गावी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, ११ डिसेंबर १९६९ रोजी विश्वनाथन आनंदचा जन्म झाला. वाढला तो मद्रासला. वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर. भावंडं त्याच्याहून खूपच मोठी : बहीण अकरा वर्षांनी, भाऊ तेरा वर्षांनी. ती दोघं पटावर बसलेली पाहून सहा वर्षांच्या आनंदनं हट्ट धरला आणि आईनं त्याला शिकवायला घेतलं. आई स्वतः खेळायची. तिच्या माहेरी बुद्धिबळ होतं, धाकट्या भावाबरोबर ती खेळत असे. आनंदनं हे अनेकदा सांगितलं आहे, आणि लगेच पुढं हेही की ती कधी कुठल्या क्लबात गेली नाही.

आनंद जगज्जेता झाल्यावर थोरली आजी नव्हती, पण १९८८ साली तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला तेव्हा होती. पेपरातला फोटो तिनं चष्मा चढवून पाहिला. मायावरमचा पोरगा म्हणून तिला कौतुक होतंच, पण पहिला प्रश्न होता, "ह्याला शिकवलं कुणी?" आईनं, असं कळल्यावर ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मग तिला कुणी शिकवलं ते छापत का नाहीत?"

मला वाटतं, आनंदच्या गोष्टीतली खरी जागा ती आहे जिच्यावरून आपण झरकन पुढं सरकतो. मनिलाची. १९७८च्या सुमाराला वडिलांची नेमणूक फिलिपिन्समध्ये झाली आणि कुटुंब तिकडे गेलं. तो देश त्या वेळी बुद्धिबळानं झपाटलेला होता. १९७४ मध्ये तिथला युजेनियो टोरे आशियातला पहिला ग्रँडमास्टर झाला होता. १९७८ मध्ये कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांची जगज्जेतेपदाची लढत त्याच देशात, बागिओला झाली. टीव्हीवर रोज दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे. एक ते दोन. मुलगा त्या वेळी शाळेत. सुशीलाबाई टीव्हीसमोर कागदपेन्सिल घेऊन बसत आणि दाखवलेले डाव आणि शेवटचं कोडं उतरवून घेत. संध्याकाळी मुलगा आला की दोघं मिळून ते सोडवत आणि उत्तर पाठवून देत. अचूक उत्तराला बक्षीस म्हणून बुद्धिबळाचं पुस्तक मिळे. महिनेच्या महिने हे घर इतकी पुस्तकं जिंकत राहिलं की शेवटी कार्यक्रमवाल्यांनी सांगितलं, हवी तेवढी पुस्तकं घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नका.

ही हकीकत ऐकून लोक हसतात आणि सोडून देतात. आईची माया किती, मुलासाठी दुपारची झोप सोडली, असं म्हणतात. अहो, झोप कुणीही सोडेल! त्या तासाभरात त्या बाई काय करत होत्या ते जरा पाहा. पडद्यावरचा पट काही थांबून राहत नाही. रेकॉर्ड करून मागाहून बघण्याची सोय बहुतेक घरांत नव्हती. बत्तीस मोहऱ्यांपैकी कुठलं कुठल्या घरात आहे, कुणाची चाल आहे, हे एका नजरेत टिपून घराघराच्या खुणेनं लिहून काढायचं. एक प्यादं एक घर चुकलं तर संध्याकाळी कोडं सुटत नाही. पटावरची परिस्थिती ज्याला वाचता येते त्यालाच ती लिहिता येते. संगीत न कळणाऱ्याला नोटेशन काढता येत नाही, तसंच हे. आणि संध्याकाळी त्या नुसत्या ‘शाब्बास बाळ’ म्हणत शेजारी बसत नव्हत्या. सोडवत होत्या. आज कुणी हे काम केलं तर त्याला सेकंड म्हणतात, विश्लेषक म्हणतात, आणि मानधन देतात.

बरं, ही बाई स्वतः स्पर्धांत का खेळली नाही? भारतात पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये सुरू झाली. पहिल्या विजेतेपदाचे मानकरी दोघं होते, त्यांतले एक आपले रामचंद्र सप्रे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९७४ उजाडलं. बंगळूरला ती झाली आणि वासंती खाडिलकर जिंकली. मग जयश्री, मग रोहिणी. ‘नवाकाळ’कार नीलकंठ खाडिलकरांच्या या तीन मुलींनी पहिलं दशक जवळजवळ घरच्या घरीच वाटून घेतलं. रोहिणी १९७६ मध्ये तेराव्या वर्षी विजेती झाली आणि पुरुषांच्या स्पर्धेत उतरली तेव्हा वाद पेटला. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की खुल्या स्पर्धेतून बाईला बाहेर ठेवता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. त्या मुलींच्या मागं बाप ठाम उभा होता, आणि मुख्य म्हणजे त्या खेळायच्या वयात आल्या तेव्हा स्पर्धा होती. सुशीला विश्वनाथन १९७४ साली चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या, घरात चार-पाच वर्षांचं पोर. हा हिशेब कुणी मांडत नाही. त्यांनी खेळ मुलासाठी सोडला असं झालंच नाही. सोडायला त्यांच्या हातात कधी काही दिलं गेलं नव्हतं. माहेर सुटल्यावर खेळायची जागा त्यांना मिळाली ती मुलाच्या पटापाशी, आणि मिळाली तशी त्या खेळल्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातला बुद्धिबळाचा ताल क्लब, जिथं हरणाऱ्यानं उठायचं आणि रांगेत मागं जायचं, म्हणून पोरं विजेच्या वेगानं खेळायला शिकली. १९८३ मध्ये राष्ट्रीय सब-ज्युनिअरमध्ये नवापैकी नऊ. १९८७ मध्ये ज्युनिअर जगज्जेता, आणि तीही स्पर्धा बागिओलाच. २००० साली तेहरानमध्ये शिरोव्हला हरवून जगज्जेता, नंतर २००७, २००८, २०१०, २०१२. सुशीलाबाई २०१५च्या मे महिन्यात चेन्नईत गेल्या.

त्यांचा स्पर्धेच्या हॉलमधला एखादा प्रसिद्ध फोटो आपल्या कुणाच्या डोळ्यांपुढं नाही. नागलक्ष्मी यांचा आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये बाकूच्या विश्वचषकात अठरा वर्षांचा प्रज्ञानंद पत्रकारांच्या गराड्यात उभा आणि बाजूला त्याची आई, साधी साडी, चेहऱ्यावर न मावणारा आनंद. तो फोटो जगभर फिरला. कास्पारोव्हनं प्रज्ञानंदबरोबर त्याच्या आईचंही अभिनंदन केलं, कारण त्याची स्वतःची आई क्लारा स्पर्धांना त्याच्याबरोबर असायची. नागलक्ष्मींविषयी तेव्हा सर्वांनी एकच गोष्ट लिहिली : परदेशात त्या शेगडी आणि राइस कुकर घेऊन जातात, मुलाला रसम-भात मिळावा म्हणून. खरंच आहे ते, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. सहासहा तास डोकं चालवल्यावर पोटाला ओळखीचं अन्न लागतं. पण त्या घरात आधी बुद्धिबळाला घातली होती ती थोरल्या वैशालीला, टीव्हीसमोरून उठवायला. धाकटा तिच्यामागून आला. आज दोघं ग्रँडमास्टर आहेत. बहीण-भाऊ दोघंही ग्रँडमास्टर असलेली जगातली ही पहिली जोडी. आई दोन्ही मुलांची आहे. कुकरच्या बातमीत ती फक्त मुलाची झाली.

नागलक्ष्मी खेळाडू नाहीत, सुशीलाबाई होत्या. दोघींना एकाच साच्यात ओतून ‘यशामागची माउली’ म्हणून मोकळं होण्याची आपल्याला सवय आहे. मराठी माणसाला तर जास्तच. आईचं नाव निघालं की आपण थेट जिजाऊंपाशी पोचतो, आणि तिथंही त्यांनी पुण्याचा कारभार कसा चालवला, निवाडे कसे केले हे विसरून फक्त मांडीवरच्या गोष्टी आठवतो.

थोरल्या आजीला आवडलं असतं असं एक दृश्य मात्र मी पाहिलं, टीव्हीवर का होईना. २०२२ मध्ये ममल्लापुरमला चव्वेचाळिसावं ऑलिंपियाड झालं. चेन्नईतल्या उद्‌घाटनाच्या भाषणात, २८ जुलैला, पंतप्रधानांनी तिरुपूवनूरच्या देवळाचा उल्लेख केला. त्या ऑलिंपियाडमध्ये हरिका द्रोणवल्ली नवव्या महिन्याचं पोट घेऊन पटावर बसली होती. ऑगस्टमध्ये संघाला कांस्य मिळालं आणि त्याच महिन्यात तिला मुलगी झाली. दाराआड उभं राहण्याची ती गोष्टच नव्हती.

बरोबर तीन वर्षांनी, २८ जुलै २०२५ला, जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांची, मानांकन पंधरावं. वाटेत तिनं हरिकाला हरवलं, चीनच्या माजी जगज्जेत्या तान चोंगयीला हरवलं आणि अंतिम फेरीत टायब्रेकरवर कोनेरू हंपीला. त्या विजयानं ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. आनंद पहिला होता. डाव संपला, दिव्याला रडू कोसळलं, ती उठून आईकडे गेली. आई डॉ. नम्रता देशमुख तिथंच होत्या. दिव्या पाचेक वर्षांची असताना थोरली बहीण बॅडमिंटनला जायची, तिच्यासाठी ही फार लहान होती, म्हणून त्याच इमारतीत चालणाऱ्या बुद्धिबळाच्या वर्गात हिला बसवली, अशी ती सुरुवात. कुठल्याही नागपूरकर घरात घडावी इतकी साधी.

मायलेकींच्या त्या मिठीचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मी पुन्हा पाहिला तेव्हा लक्ष पटाच्या दुसऱ्या बाजूकडे गेलं. तिकडं हंपी होती, अडतीस वर्षांची. ती स्वतः एका मुलीची आई. मुलगी झाल्यावर काही काळ खेळापासून लांब राहून ती परतली, २०१९ मध्ये जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली, २०२४ मध्ये पुन्हा झाली. म्हणजे त्या दिवशी बाटुमीत एक आई हॉलमध्ये बसली होती आणि दुसरी खेळत होती. खेळणारी हरली. पण हरली ती पटावर, तिच्या मोहऱ्यांनिशी, तिच्या नावासमोर गुण लिहिले जात असताना. सुशीलाबाईंच्या वाट्याला हे हरणंही आलं नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी, सोसायटीत, वाड्यात एखादी साठी-सत्तरीची बाई असेल, जी नातवाबरोबर बसून मुद्दाम हरते आणि पेपरातलं बुद्धिबळाचं कोडं चहा निवायच्या आत सोडवते, तर तिच्या मायेचं कौतुक पुरे करा. तिला जवळच्या स्पर्धेचा फॉर्म आणून द्या आणि प्रवेश फी भरा. फिडेची जागतिक ज्येष्ठ स्पर्धा दरवर्षी होते; पन्नाशीच्या पुढचा एक गट, पासष्टीच्या पुढचा दुसरा, दोन्हींत महिलांचा विभाग वेगळा. वरच्या वयाची अट कुठल्याच गटात नाही.